भिलाईचे लोखंड आणि डोंगरातील मुक्काम

भिलाईच्या झोतभट्ट्या साऱ्या देशाला ठाऊक आहेत; परंतु त्यांचा आरंभ रानातल्या मुक्कामात आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. भिलाईच्या दक्षिणेस सुमारे ८५ किलोमीटरवर दल्ली-राजहराचे डोंगर आहेत. तेथील लोहखनिजाची नोंद भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८७ साली केली.

त्या काळी भूवैज्ञानिकांचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होई. तंबू आणि शिधा बैलगाडीत. डोंगर मात्र पायीच चढावयाचा. मुक्कामाची जागा पाण्यावरून ठरे. दिवसा हातोड्याने खडक फोडून पाहावयाचा, होकायंत्राने थरांची दिशा टिपावयाची. रात्री कंदिलाच्या उजेडात नमुन्यांना चिठ्ठ्या लावून नकाशा भरावयाचा. जड, तांबूस दगड खरबरीत चिनीमातीवर घासून लालसर रेघ उमटली, म्हणजे तो हेमॅटाइट. डोंगर असा एका फेरीत कळत नाही. त्याच्या पायथ्याशी राहावेच लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूरच्या संग्रहालयात दोराबजी टाटांना या प्रांताचा भूवैज्ञानिक नकाशा दिसला आणि अमेरिकी खाणतज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांच्यासह ते या डोंगरांवर पोहोचले. खनिज उत्तम होते. योग्य कोळसा मात्र फार दूर. टाटांचा कारखाना अखेर साकचीस उभा राहिला आणि राजहराचा दगड जागीच राहिला.

१९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, आणि तिला खनिज मिळाले ते याच डोंगरांचे. नोंद आणि भट्टी यांत ७२ वर्षांचे अंतर पडले. पण त्या भट्टीची वाट प्रथम पायांनीच चालली गेली होती.