शरीराचा जमाखर्च

एक मजला चढताना शरीराची किती ऊर्जा खर्च होते? तुमचे वजन ५० किलोग्रॅम व मजल्याची उंची ३ मीटर धरा. कार्य = ५० × ९.८ × ३ = १४७० ज्यूल. स्नायूंची कार्यक्षमता सुमारे २५ टक्के. म्हणून खर्च ५८८० ज्यूल, म्हणजे जेमतेम १.४ किलोकॅलरी. उलट, चहाच्या एका चमच्यात मावणाऱ्या ५ ग्रॅम तेलातून ४५ किलोकॅलरी मिळतात. त्या संपवायला ३२ मजले चढावे लागतील!

मग दिवसभराची ऊर्जा जाते कुठे? निम्म्याहून अधिक ऊर्जा हृदय, मेंदू, यकृत अशा अवयवांचे काम चालू ठेवण्यातच खर्ची पडते. मग तुम्ही स्वस्थ पडून का असेना!

हा सारा खर्च मोजण्याची एक नामी युक्ती आहे. नेथन लिफसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये ती उंदरांवर वापरली. पुढे ती माणसांसाठीही वापरात आली. ड्यूटेरियम व ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकांची खूण असलेले पाणी प्यायला देतात. ड्यूटेरियम शरीरातून केवळ पाण्यावाटे बाहेर पडते. ऑक्सिजन-१८ मात्र पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अशा दोन्ही वाटांनी. दोहोंच्या घटण्यातील फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला ते कळते आणि त्यावरून खर्च झालेली ऊर्जा.

या पद्धतीने हर्मन पाँट्झर व सहकाऱ्यांनी टांझानियातील हाड्झा लोकांची मोजणी केली. हे लोक शिकार करून, कंदमुळे व मध गोळा करून जगतात. रोज कित्येक किलोमीटर चालतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चकित करणारा होता. शरीराचे आकारमान लक्षात घेता त्यांचा दैनिक ऊर्जाखर्च अमेरिका-युरोपातील शहरी माणसांएवढाच निघाला! हालचाल वाढली की शरीर इतरत्र काटकसर करते, असा पाँट्झर यांचा तर्क आहे. ही काटकसर किती, यावर मात्र शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

यामुळे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडतो का? मुळीच नाही. जमा खर्चाहून जास्त झाली, की शिल्लक चरबीच्या रूपाने साठतेच. परंतु खर्चाची बाजू आपल्याला वाटते तितकी सहज वाढत नाही; म्हणून लठ्ठपणात जमेची बाजू फार महत्त्वाची ठरते. आणि भूक किती लागावी, हे आनुवंशिकता, संप्रेरके व भोवतालचे अन्नही ठरवते.

म्हणून व्यायाम सोडायचा का? छे! हृदय, स्नायू व रक्तातील साखर यांच्यासाठी तो हवाच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. याच मोजण्यांतून असेही दिसले आहे, की वजनदार शरीराचा एकूण दैनिक ऊर्जाखर्च सामान्यतः जास्तच असतो. तेव्हा वर्गातल्या एखाद्या लठ्ठ मित्राला कोणी ‘आळशी’ म्हणून चिडवू लागले, तर हे मोजमाप त्याला अवश्य सांगा.