निसरड्या वाटेवरची ऊस वाहतूक

अवकाळी पाऊस पडला की काळ्या रानातली वाट साबणासारखी होते. अशाच उतारावर आम्ही एकदा जीपचा क्लच दाबला. जीप आडवी झाली, बांधामुळे वाचलो. चारही चाकांना ओढ दिली म्हणजे गाडी चिखलातून निघते, पण ब्रेक काही लवकर लागत नाही.

ट्रॅक्टरचेही तेच. चिखलात शिरण्याआधीच लो गिअर टाका, मध्येच बदलू नका. डिफरन्शियल लॉक सरळ वाटेवरच लावा, वळणाआधी काढा. उतारावर न्यूट्रल नकोच. भरलेली ट्रॉली मागून ढकलते. दोन ट्रॉल्या असतील तर एकेक काढा.

तोडलेला ऊस फडात राहिला तर वजन घटते, हे खरे. पण ट्रॉली उलटली तर माणूस जातो!