सही आली, पण कागद वाचता येतो का?

आमच्या आत्याबाई साठीनंतर सही करायला शिकल्या. महिनाभर पाटी गिरविली आणि सही जमली त्या दिवशी घरोघर साखर वाटली. पुढे एका पतसंस्थेच्या कागदावर त्यांनी मोठ्या ऐटीत सही केली. तो कागद पुतण्याच्या कर्जाला जामीन राहण्याचा होता, हे हप्ते थकल्यावर कळले. पूर्वी अंगठा घेताना निदान कोणी तरी मजकूर वाचून दाखवी. सही करणाराला वाचता येते असेच सगळे धरून चालतात.

जनगणनेत सात वर्षांवरील ज्या माणसाला समजून लिहिता-वाचता येते, त्यालाच साक्षर म्हणतात. २०११ साली महाराष्ट्रात असे लोक शेकडा ८२ होते. उरलेल्यांत बायका अधिक.

आपल्याकडे हे काम नवे नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली आणि नंतर राज्यभर गेली. गावचे गुरुजी आणि चार शिकलेली मंडळी रात्री वर्ग घेत. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. पण समारंभानंतर वाचायला काही हाती राहिले नाही, तिथे पुष्कळांचे शिकलेले पुसले गेले.

तेव्हा वाचायला काय द्यावे? पन्नाशीच्या बाईपुढे ‘क कमळाचा’ ठेवला की ती मान खाली घालते. तिला अक्षर नवे आहे, व्यवहार नवा नाही. डेअरीत दूध घातल्यावर पावती मिळते ना? तीच घ्या. तिच्यावर ‘दर’ हा शब्द असतो. दोन अक्षरे, काना नाही, मात्रा नाही. काना दिला की ‘दार’, मात्रा वाढविली की ‘दोर’. ‘रक्कम’ जरा पुढे ठेवा, त्यात जोडाक्षर आहे. मग एसटीच्या पाट्या घ्या. साताऱ्याच्या स्टँडवर नुसता ‘क’ ओळखून भागत नाही. गाडी कराडची की कोरेगावची, हे काना-मात्रेवर ठरते.

आणखी एक. कित्येकांना अक्षर येत नाही असे आपण म्हणतो. खरे तर ते दिसतच नसते. मीही आता चाळिशी लावल्याशिवाय पुस्तक उघडत नाही. तेव्हा आधी डोळे तपासून घ्या, मग पाटी द्या.

शिकविणाराचेही कोणी पाहिले पाहिजे. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील निरक्षरांना शिकविण्याची भिस्त स्वयंसेवकांवर आहे. गावातली बारावी झालेली एखादी मुलगी ओट्यावर वर्ग घेते. आज पाच बाया, उद्या दोन, सुगीत एकही नाही. तिला वाटते, आपलेच चुकले. गुरुजी, पंधरवड्यातून एकदा तिच्या वर्गात जाऊन बसा. सुगीत वर्ग बंद ठेवायला सांगा, पण पुन्हा सुरू करण्याची तारीख आधीच ठरवा. नंतर पहिले दोन दिवस मागचेच घटवून घ्यावे. विसरलेले लवकर परत येते.

आत्याबाई हल्ली पावतीवरचा फॅट स्वतः वाचतात आणि डेअरीवाल्याशी हुज्जत घालतात. पुतण्याच्या हप्त्यांचे मात्र अजून मिटलेले नाही.