नाव बुरशीचे, काम जिवाणूंचे

१८८५ साली लंडनमधील व्याख्यानांत विल्यम ऑस्लर यांनी महाधमनीवरील जंतुसंसर्गाच्या फुगवट्याला 'मायकोटिक', म्हणजे बुरशीजन्य, म्हटले. नाव रूढ झाले. कारण मात्र बहुधा जिवाणूच, विशेषतः स्टॅफिलोकॉकस आणि साल्मोनेला. उतारवयात खरबरीत झालेल्या भिंतीत ते रुजतात. भिंत पोखरून फुगते, फुटली तर जीव जातो.

लक्षणे साधीच : रेंगाळणारा ताप, पाठीत किंवा पोटात दुखणे. आपल्या कोल्हापुरातही अशा तापावर दुकानातून परस्पर गोळ्या आणल्या जातात. त्यांनी जिवाणू दबतात, तपासणीत सापडत नाहीत, पण भिंतीत टिकून राहतात. म्हणून प्रतिजैविकाआधी रक्ताचे कल्चर, लगोलग सीटी अँजिओग्राफी. पुढे कित्येक आठवडे शिरेतून औषध आणि बहुतेकदा शस्त्रक्रिया.

ऑस्लरांकडे प्रतिजैविके नव्हती. आपल्याकडे आहेत, म्हणूनच पहिली गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी.