खारीचे पदर कोण सोडवतो?

गेल्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. अकरावीच्या वर्गात उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा पाठ चालू होता. फुगणाऱ्या पदार्थांची उदाहरणे म्हणून मी पाव, ढोकळा, भजी अशी नावे घेतली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, खारी कशाने फुगते? तिच्यातही सोडाच घालतात का?”

“घालत असणार,” असे म्हणून मी पुढे गेलो. पण घरी जाताना तो ‘असणार’ मला टोचू लागला. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याने न तपासता दिलेले ते उत्तर होते.

वाटेतल्या दुकानात, बर्फाच्या कपाटात, पफ पेस्ट्रीच्या तयार शीटचे पुडके मिळाले. खारी, पॅटिस, क्रीम रोल हे सगळे याच जातीच्या कणकेचे प्रकार. पुडक्यावर घटक छापलेले होते: मैदा, वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ, पाणी, मीठ. सोडा नव्हता आणि यीस्टही नव्हते. म्हणजे माझे उत्तर चुकले होते. मग ही कणीक फुगते कशी?

शीट कसे बनते ते आधी पाहू. मैद्याची कणीक लाटून तिच्यात लोण्याचा किंवा तशाच घट्ट स्निग्ध पदार्थाचा चपटा थर ठेवतात, वरून कणकेने झाकतात. हे लाटून पत्राच्या कागदासारखी तिहेरी घडी घालतात. थंड करून पुन्हा लाटतात, पुन्हा तिहेरी घडी. दर घडीला स्निग्धाचे थर तिप्पट होतात: ३, ९, २७, ८१, २४३ आणि सहाव्या घडीला ७२९. कणकेचे थर मात्र एकाने जास्त, म्हणजे ७३० भरतात. ते का, हे कागदावर चित्र काढून तुम्हीच शोधा. (घडीत कणकेला कणीक लागली की ती एकजीव होते, एवढे लक्षात ठेवा.)

आता प्रयोग. पुडक्यातले शीट साधारण ५ मिलिमीटर जाडीचे होते. मी त्याचे १० सेंटिमीटर बाजूचे चार चौकोन कापले. पहिला तसाच ठेवला. दुसऱ्याला काट्याने सगळीकडे भोके पाडली. तिसरा चुरगळून, पोळीच्या कणकेसारखा मळून, पुन्हा तेवढाच जाड लाटला. चौथा गॅसच्या शेगडीजवळ तासभर ठेवला. तो मऊ पडून तुपकट चमकू लागला. मग चारही तुकडे २०० अंश सेल्सिअसला तापलेल्या विजेच्या भट्टीत एकदमच सरकवले. (तुम्ही हे करणार असाल तर भट्टीजवळ घरातले मोठे माणूस हवे.)

वीस मिनिटांनी पहिला चौकोन जवळजवळ तीन सेंटिमीटर उंच झाला होता. दुसरा जेमतेम एक सेंटिमीटर. चौथा एका अंगाला कलला होता आणि त्याच्याखाली तुपाचे थारोळे साचले होते. तिसरा? तळण्याऐवजी भाजलेली एक मोठी, जाड शंकरपाळी!

खरे उत्तर या तिसऱ्या तुकड्याने दिले. पहिल्यात जे होते ते सगळे त्याच्यातही होते. तोच मैदा, तेच स्निग्ध, तेवढेच पाणी. मी फक्त थर मोडले होते. फुगवणारे रसायन कणकेत असते, तर तिसरा तुकडाही थोडाफार फुगला असता. तेव्हा कारण रचनेत शोधायला हवे.

आणखी एक पुरावा तराजूने दिला. पहिल्या तुकड्याचे वजन आधी ५५ ग्रॅम होते, भाजल्यावर ४३ ग्रॅम. थोडेसे तूप कागदाला लागले ते सोडून देऊ. सुमारे १२ ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना, नेहमीच्या हवेच्या दाबाखाली, साधारण १६७० घन सेंटिमीटर वाफ होते. म्हणजे १२ ग्रॅमची वीस लिटर! कार्यालयात पिण्याच्या पाण्याचा जो मोठा जार येतो, तेवढी वाफ त्या तळहाताएवढ्या तुकड्यातून निघाली. तुकडा मात्र फुगून पाव लिटरच्या आसपास झाला. शंभरातली एखादीच वाटणी उपयोगी पडली, बाकीची निसटली.

हे घडते कसे? भट्टीत स्निग्ध आधी वितळते, पण ते उकळत नाही. कणकेच्या दोन पदरांना ते एकमेकांना चिकटू देत नाही आणि वाफेची वाटही अडवते. कणकेतल्या पाण्याची वाफ होऊ लागली की ती पदरांच्या मध्ये शिरून वरचा पदर उचलते. मैद्यातल्या ग्लुटेनमुळे पदर ताणला जातो, चटकन फाटत नाही. पुढे स्टार्च शिजते, पाणी आटते आणि पदर त्याच उंचीवर ताठ होतात. म्हणून पहिली दहा-बारा मिनिटे भट्टीचे दार उघडू नये. पदर ताठ होण्याआधी वाफ निवली, तर सगळा डोलारा खाली बसतो.

मग घड्या वाढवत गेलो तर खारी अधिकच फुगेल का? गणित करून पाहू. ३ मिलिमीटर जाडीच्या शीटमध्ये ७२९ आणि ७३० मिळून १४५९ थर बसवले, तर एका थराच्या वाट्याला सुमारे २ मायक्रॉन येतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गव्हाच्या स्टार्चचे मोठे कण २० ते ३० मायक्रॉनचे असतात. कणापेक्षा पातळ थर अखंड राहणार कसा? तो फाटतो आणि आपण माझ्या तिसऱ्या तुकड्याच्या दिशेने जाऊ लागतो. म्हणून पुष्कळ कारागीर तिहेरी, चौपदरी, पुन्हा तिहेरी, पुन्हा चौपदरी अशा घड्यांवर थांबतात. ३ × ४ × ३ × ४ = १४४. फ्रेंचांनी या जातीच्या एका मिठाईला ‘हजार पाने’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. ते कौतुकाने दिलेले समजावे.

एवढे कळले की तयार शीट घरी वापरणे सोपे. खारी करायची तर शीट फ्रीजमध्येच हळूहळू सुटू द्या. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते. आपल्याकडचा उन्हाळा तेथवर सहज पोचतो. धारदार सुरीने सरळ दाबून पट्ट्या कापा, बोथट सुरीने कडा चेपून पदर चिकटतात. वरून दुधाचा हात फिरवून जिरे किंवा ओवा पेरा, पण दूध कडेवरून ओघळू देऊ नका, तेही पदर चिकटवते. २०० अंशांना फुगवून झाल्यावर १५० अंशांवर आणखी दहा-पंधरा मिनिटे ठेवा, म्हणजे आतले पाणी जाऊन खारी खुसखुशीत होईल.

पॅटिससाठी बटाट्याची भाजी कोरडी आणि पूर्ण गार हवी. गरम भाजी भरली की मधले स्निग्ध भट्टीत जाण्याआधीच वितळते. पॅटिसला वर एक चीर द्या. उरलेल्या कातरणांचा गोळा मात्र करू नका, एकावर एक रचून लाटा. आमच्या घरी हाच नियम सर्वांत जास्त मोडला जातो.

विकत घेताना पुडक्यावरचे बारीक अक्षर वाचा. खाद्य तेले व चरबी यांतील ट्रान्स फॅटवर २०२२ सालापासून आपल्या देशात २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी स्निग्धाचे एकूण प्रमाण भरपूरच असते. रोज खाण्याचा हा पदार्थ नव्हे.

दुसऱ्या दिवशी वर्गात चारही तुकडे डब्यातून नेले आणि आदल्या दिवसाचे उत्तर चूक होते हे सांगितले. पहिला तुकडा क्षणात संपला. शंकरपाळीला कोणी हात लावला नाही. त्याच मुलीने पुन्हा विचारले, “मग चिरोट्याचे पदरही असेच सुटतात का?”

या वेळी मी ‘असणार’ म्हटले नाही. चिरोट्यात पोळ्यांच्या मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा असतो. गुंडाळी करून, कापून, हलक्या हाताने लाटतात, कारण जोर दिला की थर एक होतात. भट्टीच्या जागी कढई असते, एवढेच. तरी दिवाळी जवळ आली होती. एक चिरोटा नेहमीसारखा आणि एक मळून लाटलेला, असे दोन्ही तळून आणायचे काम मी तिच्याकडेच दिले.