व्यायामानंतरची भूक आणि तिचा जमाखर्च

आमच्या बीदर-कलबुर्गीकडे भेटलेल्या माणसाची विचारपूस प्रकृतीपासून नव्हे, जेवणापासून सुरू होते. मराठी घरात 'जेवलीस का गं?' आणि शेजारच्या कानडी घरात 'ऊट आय्ता?' प्रश्न एकच. जिथे असा रिवाज, तिथे भुकेवर लेख लिहायला घेणे म्हणजे थोडे धाडसच. शिवाय मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी; शरीरशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु जमाखर्च कसा मांडावा एवढे दोन वर्षांत शिकले आहे, आणि गेल्या वर्षी वसतिगृहात ज्या काही गोष्टी घडल्या त्यांमुळे हा जमाखर्च मांडण्याची वेळ आली.

२०१५ पासून दर वर्षी २१ जूनला जागतिक योग दिन साजरा होतो आणि महाविद्यालयांच्या मैदानांवर सतरंज्या अंथरल्या जातात. दुसऱ्या दिवशी त्या गुंडाळूनही ठेवल्या जातात. आमच्या वसतिगृहात मात्र तसे झाले नाही. योगाच्या बाई चिकाटीच्या. संध्याकाळी साडेपाचला रोज वर्ग सुरू राहिला. येणाऱ्या मुलींना कारण विचारले तर एक-दोघींनी 'मन:शांती' असे सांगितले. बाकीच्यांनी सरळ 'वजन' असे सांगितले, आणि त्या बाकीच्यांत मीही होते. माझी उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६० किलो. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, तो भारतीयांसाठी २३ च्या खाली असावा असे डॉक्टर मानतात. माझा आकडा २४. म्हणजे फार बिघडले होते असे नव्हे, पण खात्यात थोडी बाकी निघत होती.

तीन महिन्यांनी काटा पाहिला तर ६१!

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. वर्ग सुटला की साडेसहा वाजलेले असत, आणि रात्रीचे जेवण साडेआठला. फाटकाबाहेरच्या गाड्यावर मिरचीभजी आणि सुसला तयार असे. (लातूर-नांदेडकडे ज्याला सुशीला म्हणतात तोच हा भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पदार्थ, सीमा ओलांडताना नाव जरा बदलते, चव बदलत नाही.) 'आज इतका योग केला, आता दोन भजी खायला काय हरकत आहे?' हे वाक्य आम्ही रोज एकमेकींना ऐकवत असू. हे वाक्य हिशेबाला टिकते का, हे पाहण्यासाठी मी वही काढली.

प्रथम खर्चाची बाजू. माणूस नुसता बसून राहिला तरी शरीर दर किलो वजनामागे तासाला सुमारे एक कॅलरी खर्च करते. संथ गतीने आसने करताना हा खर्च साधारण अडीच पट होतो. म्हणजे ६० किलोच्या मुलीचा एका तासात १५० कॅलरी खर्च. पण त्यातल्या ६० नुसते बसूनही गेल्याच असत्या; योगाच्या नावावर लिहिण्याजोग्या उरल्या ९०. सूर्यनमस्कार सलग घातले तर खर्च वाढून मध्यम गतीने चालण्याच्या आसपास जातो, त्याहून फार पुढे नव्हे.

आता जमेची बाजू. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात. नव्वदाला नऊने भागा. दहा ग्रॅम तेल! दोन लहान चमचे. बेसनाचा, चुरमुऱ्यांचा, चहातल्या साखरेचा हिशेब अजून धरलेलाच नाही. नुसत्या भज्यांनी प्यायलेल्या तेलानेच माझा तासभराचा योग गिळून टाकला होता. उलट बाजूने पाहिले तरी चित्र तेच. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानाने ७,७०० कॅलरी. रोज ९० या दराने ती उतरायला ८५ दिवस लागतील, आणि तेही खाण्यात एका घासाची वाढ न करता. 'योगाने महिन्यात दहा किलो' अशा जाहिराती करणाऱ्यांनी पुस्तपालनाचा पहिला धडाही वाचलेला नसावा.

परंतु भुकेचे काय? ती तर खरी होती. पोटात कावळे ओरडत होते. इथे वहीने मला एक वेगळीच गोष्ट दाखवली. ज्या दिवशी वर्ग नसे, त्या दिवसांचीही मी नोंद ठेवली होती. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, पावसाने वर्ग बुडाला त्या दिवशी, साडेसहाला भूक तेवढीच! म्हणजे ती भूक योगाची नव्हतीच. ती दुपारी साडेबाराच्या जेवणापासून रात्री साडेआठपर्यंतच्या आठ तासांच्या अंतराची होती. आम्ही तिला विनाकारण योगाच्या खात्यावर लिहीत होतो.

शास्त्र याला दुजोरा देते. पोट रिकामे झाले की जठरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक रक्तात वाढते आणि मेंदूला भुकेचा संदेश जातो. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधून काढले. गंमत अशी, की धावण्यासारखा दमछाक करणारा व्यायाम केला तर घ्रेलिन काही काळ कमी होते आणि तृप्तीचा संदेश देणारी संप्रेरके वाढतात; म्हणून धावून आल्याबरोबर अन्न नकोसे वाटते. भूक नंतर परतते. संथ आसनांत एवढी दमछाक होतच नाही, त्यामुळे तिथे भूक ना फारशी मरते, ना फारशी वाढते. जेवणाच्या वेळा जशा असतील तशी ती लागते. कानडीत भुकेला 'हसिवु' म्हणतात आणि जिभेच्या चोचल्यांना 'बायि चपल', म्हणजे तोंडाची चपळाई. आमच्या साडेसहाच्या भुकेत थोडा हसिवु होता आणि गाड्यावरच्या वासाने जागी झालेली बायि चपल पुष्कळ होती. ओळखण्याची एक साधी युक्ती मी वापरते : समोर भाकरी आणि वरण ठेवले तर खावेसे वाटेल का? वाटले तर हसिवु. भजीच हवी असतील तर ती दुसरी.

याच संदर्भात बंगालमधील एका ताग-गिरणीची हकीकत सांगण्यासारखी आहे. ज्याँ मेयर या आहारशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेथील दोनशेवर माणसांचे काम, आहार आणि वजन तपासून १९५६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंगमेहनत जास्त तसा आहार जास्त, हे अपेक्षितच होते. पण दिवसभर बसून असणाऱ्या दुकानदारांचा आहार हलके काम करणाऱ्यांपेक्षा कमी नव्हे, तर चांगलाच जास्त निघाला आणि वजनही जास्त. म्हणजे हालचाल एका मर्यादेखाली गेली की भुकेचा तराजूच बिघडतो. तो दुकानदार म्हणजे आम्हा वाणिज्यवाल्यांचे भविष्यच. म्हणून ही हकीकत मी वर्गातही सांगितली. हसले सगळे, उठून चालायला गेले दोघेच.

इथपर्यंतचा भाग हसण्यावारी नेता येतो. पुढचा येत नाही.

माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ५२ किलो. वरच्या हिशेबाने आकडा २१, म्हणजे अगदी योग्य. पण दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे 'बघायला' आले आणि जाताना 'मुलगी चांगली आहे, जरा अंगाने जास्त वाटते' एवढे एक वाक्य टाकून गेले. सुट्टीवरून परतल्यावर तिने रात्रीचे जेवण बंद केले. योग तर चालूच होता. भूक लागली की पाणी पिई, आणि 'सवय होते गं' म्हणे. पाचव्या आठवड्यात सर्वांगासनातून उठताना ती कोसळली. दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन नऊच्याही खाली निघाले. बायकांना निदान बारा हवे. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारले, 'वजन कमी करायला तुला कोणी सांगितले?' तिला उत्तर देता आले नाही. उत्तर मला ठाऊक होते, पण मीही गप्प राहिले; पाहुण्यांचे वाक्य दवाखान्यात कसे सांगायचे?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे आमच्या योगवर्गातल्या ज्या मुली 'जाड' म्हणून आल्या होत्या, त्यांतल्याही कित्येकींच्या रक्तात लोह कमी असणार. अशा मुलीला भूक मारायला शिकवणे हा योग नव्हे. हठयोगप्रदीपिकेत मिताहार सांगितला आहे, पण त्याचा अर्थ पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून स्निग्ध, गोड अन्न खाणे असा आहे. चारही भाग रिकामे ठेवणे असा नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणाऱ्याप्रमाणेच मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही असे सांगितले आहे. आणि उदाहरणच हवे असेल तर बी. के. एस. अय्यंगारांचे घ्यावे. कर्नाटकातल्या बेळ्ळूर गावी १९१८ साली जन्म, १९३७ पासून पुण्यात वास्तव्य. आपल्या दोन्ही भाषांच्या प्रदेशांवर त्यांचा सारखाच हक्क. लहानपणी ते आजारांनी पार खंगलेले होते. योगाकडे ते बारीक होण्यासाठी नव्हे, अंग धरण्यासाठी आले.

मग योगाचा वजनाशी संबंधच नाही का? आहे, पण आडवळणाने. अमेरिकेत सिॲटल येथे पंधरा हजारांवर मध्यमवयीन माणसांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. त्यांत चार किंवा अधिक वर्षे नियमित योग करणाऱ्यांचे वजन वयाबरोबर इतरांपेक्षा कमी वाढलेले दिसले. संशोधकांना वाटले की हा परिणाम आसनांत खर्च झालेल्या कॅलरींचा नसावा. योग करणारा पोट भरल्याची जाणीव लवकर ओळखत असावा. मला हे पटते. श्वासाकडे लक्ष द्यायला शिकलेला माणूस घासाकडेही लक्ष देतो. शिवाय परीक्षेच्या दिवसांत आम्ही जे अरबट-चरबट खातो त्यातले निम्मे भुकेपोटी नसून धास्तीपोटी असते, आणि तिथे दहा मिनिटांचे शवासन खरोखर कामाला येते.

वसतिगृहात आता आम्ही एवढेच बदलले आहे. साडेचारला, वर्गाच्या तासभर आधी, मूठभर फुटाणे किंवा एखादे केळे. वर्ग सुटल्यावर पेलाभर ताक, आणि मेसमधल्या अक्कांना विनवून जेवण आठला आणले आहे. कधी त्या आंबील करतात. आंबील येळवशीलाच प्यायची असते असा कुठे नियम नाही. जेवणात भाताचा दुसरा वाढा सोडून ज्वारीची भाकरी. शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिने दहा ग्रॅमच्या आसपास आणि चोथाही तेवढाच, त्यामुळे ती पोटात टिकते. वरणाला तर आपल्याकडे तोटाच नाही. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण मेसचे वरण पाहून ते कळत नाही. डाळ घट्ट करा म्हणून आम्ही अर्ज दिला आहे. सकाळी अर्धा तास झपझप चालणे हा खर्चाच्या बाजूचा नवा आकडा. भजी बंद नाहीत, शनिवारी असतात.

माझे वजन सहा महिन्यांत ५८ वर आले. मैत्रीण पुन्हा दोन्ही वेळ जेवते आणि लोहाच्या गोळ्या घेते. पहिल्या महिन्यात रक्त काही केल्या वाढेना. मग लक्षात आले की ती गोळी संध्याकाळच्या चहाबरोबर घेत होती, आणि चहा लोह शरीरात मुरू देत नाही. आता गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घेते. परवाच्या तपासणीत आकडा साडेदहा आला आहे.