रमजानात आखातात निघालाय? बॅगेतली बाटली सांभाळा!

नागपूरहून दोहा आणि शारजाहला थेट विमान आहे. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जणांची पहिली परदेशवारी आखातातच होते. कुणाचा काका तिथे साइटवर, कुणाची ताई नर्स. तिकीट काढताना कॅलेंडर बघायचं राहून जातं आणि नेमका रमजान निघतो. मग घरी एकच चिंता, पोट्टे दिवसभर उपाशी राहतील काय?

नाही राहणार. पण नियम देशागणिक बदलतात, ते आधी बघून घ्या. कुवेतमध्ये १९६८चा कायदा आहे. रोजाच्या वेळेत चारचौघांत खाल्लं-प्यालं, तर १०० दिनारपर्यंत दंड, महिनाभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. १०० दिनार म्हणजे आपले पंचवीस हजारांच्या वर! मुस्लिम नसलेल्यांनाही तो लागू. दुबईत उलट, २०२१पासून रेस्टॉरंटना दिवसा पडदे लावायची सक्ती उरली नाही. इस्तंबूलमध्ये तर भरदुपारी चहा पिणारे दिसतील. तेव्हा ‘मुस्लिम देशात असंच असतं’ म्हणणाऱ्या रीलवर विसंबू नका.

फजिती होते ती बिर्याणीमुळे नाही, सवयीमुळे. चालता चालता बाटली तोंडाला लावणं, च्युइंगम, सिगारेट. हे हॉटेलच्या खोलीत करा. (खर्रा घरीच ठेवा, रमजान असो की नसो.) कपडे खांदे-गुडघे झाकणारे असले की पुरे.

दिवसाचं गणितही बदलतं. अमिरातीत कामाचे तास दोनने कमी होतात. इफ्तारच्या आधी रस्त्यांवर घाईगर्दी, टॅक्सी मिळता मिळत नाही. दुबईत सूर्यास्ताला पोलिसांची तोफ उडते आणि मग शहर रात्री उशिरापर्यंत जागं. बुर्ज खलिफाची गंमत ऐका. ८० मजल्यांच्या वर राहणाऱ्यांना सूर्य जास्त वेळ दिसतो, म्हणून ते रोजा दोन मिनिटं उशिरा सोडतात. १५०च्या वर तीन मिनिटं!

सोबतचा मित्र रोजा ठेवून विमानात बसणार असेल, तर त्याचा दिवस अजून लांबतो. दुपारी नागपूरहून दोहाकडे, म्हणजे पश्चिमेला निघालात की सूर्य तुमच्यासोबत पळतो. तिथला सूर्यास्त आपल्यापेक्षा सुमारे पावणेदोन तास उशिरा. घड्याळात नागपूरची वेळ झाली म्हणून रोजा सुटत नाही, खिडकीबाहेर सूर्य बुडावा लागतो. तसं प्रवाशाला रोजा न ठेवण्याची आणि नंतर भरून काढण्याची सवलत इस्लाममध्ये आहेच. ती घ्यायची की नाही, हे त्याचं तो ठरवेल. तुम्ही ‘अरे, पाणी तरी पी’ म्हणून मागे लागू नका.

तारखांचं म्हणाल, तर रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०३०मध्ये तो जानेवारीत येईल आणि डिसेंबरात पुन्हा सुरू होईल. म्हणजे पुढची काही वर्षं ऐन थंडीत. आखात फिरायला हवा भारी, दिवसही लहान.

सरावच करायचा असेल, तर धंतोलीतून गाडी काढा आणि रमजानातल्या एका संध्याकाळी मोमिनपुऱ्यात जा. इफ्तारच्या आधीची घाई आणि नंतरची निवांत गर्दी, दोन्ही तिथे बघायला मिळतात. आणि एक टीप: आखातात ईद बहुधा आपल्या एक दिवस आधी असते. तिथली ईद करून त्याच रात्री परतलात, तर दुसऱ्या दिवशी इथला शीरखुर्माही तुमचाच.